अंडी दिसली नाहीत, म्हणून वय झालं असं नाही

पत्र असं आहे:

"वय ४५. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात २१ वर्षं स्टोअरकीपर आहे. महिन्याला हातात ३१ हजार येतात. गाव जावळी तालुक्यात, मेढ्याच्या पुढे. तिथे डोंगरउतारावर वडिलांची ३० गुंठे जमीन आहे. नोकरी सोडून मधमाशीपालन करावं असं दोन वर्षं डोक्यात घोळतंय. गेल्या वर्षी रजा टाकून १० दिवसांचं प्रशिक्षण केलं. तिथे सगळ्यांना पेटीच्या चौकटीतल्या पोळ्यावरची माशीची अंडी दिसली, मला नाही. २२ वर्षांच्या एका पोराने माझ्या हातातून चौकट घेतली, बोट ठेवून दाखवलं, तरी दिसली नाहीत. शेवटी 'दिसली' म्हणून मान हलवली. दिवाळीत सातेरी या देशी माशीच्या दोन पेट्या घेतल्या. मे अखेर दोन्हींचा मिळून ७ किलो मध निघाला, घरात सगळे खूष. जुलैत एक पेटी उघडली तर माश्या गायब, तळाला जाळी आणि अळ्या. तेव्हापासून मन उठलंय. भाऊ म्हणतो, पंख्याखाली बसून रजिस्टर लिहिणाऱ्याचं हे काम नव्हे. बायको काही बोलत नाही, फक्त मुलाच्या बारावीनंतरच्या फीचं विचारते. राजीनामा टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. कधी वाटतं उद्याच द्यावा, कधी वाटतं फाडून टाकावा. मुळात मला हे जमणारं आहे का, एवढंच सांगा."

दादा, राजीनामा आहे तिथेच राहू द्या. आत्ता द्यायचाही नाही आणि फाडायचाही नाही.

"जमणारं आहे का" हा प्रश्न तुम्ही एकच विचारलाय, पण पत्रात शंका चार आहेत. एक डोळ्यांची, दुसरी जुलैतल्या पेटीची, तिसरी पैशाची आणि चौथी लोकांच्या बोलण्याची. चारही तुम्ही स्वतःच्या नावावर टाकून मोकळे झालात. तुमच्या स्टोअरमध्ये कोणी चार वेगळ्या मालांची नोंद एकाच बिनकार्डावर, म्हणजे साठ्याच्या कार्डावर, केली तर तुम्ही त्याला तिथल्या तिथे थांबवाल. तेच इथे करू. प्रत्येक शंकेचं कार्ड वेगळं काढलं की दिसेल की त्यातल्या दोन शंकांचा तुमच्या कुवतीशी संबंधच नाही, आणि एक शंका अगदी खरी आहे.

आधी अंडी. माशीचं अंडं जेमतेम दीड मिलिमीटरचं, पांढरं, शेवयीच्या बारीक तुकड्यासारखं. ते पोळ्यातल्या कोठडीच्या तळाला, म्हणजे खोल अंधारात चिकटलेलं असतं. पंचेचाळिशीत जवळचं धूसर होतं; आपल्याकडे त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, यात सगळं आलं. २२ वर्षांच्या पोराला ते दिसलं यात त्याची हुशारी नाही, त्याच्या डोळ्यातलं भिंग अजून लवचिक आहे एवढंच. तुम्ही पत्रात चष्म्याचा उल्लेख कुठेच केला नाही. बहुतेक जाळीची टोपी घालताना तो काढून खिशात ठेवला असणार. बरेच जण तसंच करतात, कारण टोपीत चष्मा घसरतो आणि वाफ धरतो.

उपाय साधा आहे. जवळच्या नंबरचा चष्मा डोळ्याला लावून मागून दोरीने बांधा आणि त्यावर जाळी घाला. जाळी चेहऱ्यासमोर काळ्या रंगाची हवी. पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि पलीकडचं दिसत नाही. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. चौकट पेटीच्या वरच धरा, म्हणजे राणी पडलीच तर पेटीत पडेल. मग चौकट थोडी तिरकी करा, खांद्यावरून येणारं ऊन कोठड्यांच्या तळापर्यंत पोचलं पाहिजे. चौकटीच्या मधोमध बघा, कडेला नाही. कडेला मध आणि पराग असतात. पहिल्या दिवशीचं अंडं तळावर उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं की राणी कालपरवापर्यंत तिथे होती हे नक्की, मग ती प्रत्यक्ष सापडली नाही तरी चालतं. राणी शोधत अर्धा तास पेटी उघडी ठेवणं हा नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा आहे. त्यात अंडी-अळ्या गार पडतात आणि माश्या चिडतात.

आता त्या मान हलवण्याबद्दल. आम्हाला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. कारखान्यात लोक तुम्हाला विचारायला येतात. कोणता बोल्ट कुठल्या रॅकला आहे हे तुम्ही न बघता सांगता. २१ वर्षांनी एका पोराच्या हाताखाली उभं राहून "नाही दिसलं" म्हणणं अवघड जातं. चाळिशीनंतर काम बदलणाऱ्या माणसाला नवी विद्या जड जात नाही, जाणत्या माणसाची जागा सोडणं जड जातं. पण खोटी मान हलवली की दुहेरी तोटा होतो. शिकायचं राहतं, आणि आपण लपवलंय हे आपल्याला आतून माहीत असतं, त्यामुळे पुढची प्रत्येक चूक त्या लपवण्याच्या खात्यात जमा होते. यापुढे तोंडात एकच वाक्य ठेवा: "मला दिसलं नाही, परत दाखवा." पहिल्या दोन वेळा जीभ अडखळेल, नंतर नाही अडखळणार.

दुसरी शंका जुलैतल्या पेटीची. जाळी आणि अळ्या म्हणजे मेणकिडा. बहुतेकांना वाटतं की किड्याने माश्यांना हाकललं. क्रम सहसा उलटा असतो. पेटीत अन्न संपतं, माश्या कमी होतात, रिकामी पोळी राखायला कोणी उरत नाही, मग मेणकिड्याचा पतंग त्यात अंडी घालतो. शेवटी उरलेल्या माश्या घर सोडतात. सातेरीचा तो स्वभावच आहे. उपासमार, मुंग्या किंवा सततचा त्रास झाला की ती पेटी सोडून जाते. जावळीच्या डोंगरात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत माशीला बाहेर पडायला उघडीप मिळत नाही आणि बाहेर फुलंही फारशी नसतात.

तुम्ही मे अखेर ७ किलो काढला. तुम्ही लिहिलं नाही, पण आमचा अंदाज आहे की घरातल्या उत्साहात खालच्या संगोपन कोठीतल्या, म्हणजे अंडी-अळ्या वाढतात त्या मजल्यातल्या, पोळ्यांचा मधाचा पट्टाही कापला गेला, आणि पावसात साखरेचा पाक दिला गेला नाही. दोन्ही चुका पहिल्या वर्षी हमखास होतात आणि दोन्हींचा वयाशी संबंध नाही. पुढच्या पावसाळ्यासाठी हे लिहून ठेवा.

मध फक्त वरच्या मध कोठीतला घ्यायचा, तोही चौकटीच्या किमान तीन चतुर्थांश भागावर मेणाच्या टोप्या बसल्या असतील तरच. खालचा मध माश्यांचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मध कोठी उतरवून ठेवायची. माश्यांनी न झाकलेली जादा पोळी काढून घ्यायची, म्हणजे त्यांना राखण करावी लागणारी जागा लहान होते. पेटीचं तोंड पूर्वेला, पावसाच्या वाऱ्याकडे पाठ. मागची बाजू बोटभर उंच, म्हणजे आत गेलेलं पाणी दाराने बाहेर येईल. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या मुंग्यांसाठी, आणि वाटीत पानं पडून पूल होत नाही ना हे बघायचं.

पाक असा: एक लिटर पाणी उकळून गॅस बंद करायचा, त्यात एक किलो साखर विरघळवायची, पूर्ण गार होऊ द्यायचा. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. पेटीमागे पाव लिटर, आठवड्यातून दोनदा, नेहमी संध्याकाळी. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात. चार महिन्यांत पेटीमागे पाच-साडेपाच किलो साखर लागते. आणि दर उघडिपीला तळपाट, म्हणजे पेटीची तळाची फळी, पुसून काढायची. मेणकिड्याची सुरुवात तिथल्या कचऱ्यातच होते. हे काम तीन मिनिटांचं आहे. चौकटी उचलायचीही गरज नाही.

दुसरी पेटी टिकली आहे, याबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला नाही. हेही बघा. शंकेने घेरलेला माणूस पडझडीची नोंद करतो, टिकलेल्या मालाची करत नाही. त्याच डोंगरावर, त्याच पावसात एक पेटी जगली. ती का जगली हे शोधणं गेलेल्या पेटीवर खंत करण्यापेक्षा उपयोगाचं आहे. तिच्यात माश्या जास्त होत्या का? ती आडोशाला होती का? तिच्यातून मध कमी काढला होता का?

इथे तुमच्या नोकरीचं एक अंग आड येतंय. स्टोअरमध्ये रोज संध्याकाळी स्टॉक जुळतो. आज काम बरोबर झालं की चुकलं, याचं उत्तर घरी जायच्या आत मिळतं. माशीच्या धंद्यात अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि मेमधल्या चुकीचं उत्तर जुलैत मिळतं. रोजच्या पावतीची सवय असलेल्या माणसाला या शांततेत "आपण चुकतोय" असंच वाटत राहतं. तेव्हा पावती आपणच तयार करायची. प्रत्येक पेटीला एक कार्ड, छपराच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यावर तारीख, माश्यांनी झाकलेल्या चौकटी किती, अंडी आहेत की नाहीत, मधाचा पट्टा किती बोटं, पाक दिला का, आणि पुढच्या वेळी काय बघायचं. सहा रकाने, दोन मिनिटं. तीन महिन्यांनी ते कार्ड वाचलं की मन काय म्हणतं याला किंमत उरत नाही, कार्ड काय म्हणतं ते दिसतं. जन्मभर माशी पाळणाऱ्या बऱ्याच लोकांकडेही अशी नोंद नसते. तुमच्या हाताला ती सवय २१ वर्षांची आहे.

आता तिसरी शंका, पैशाची. ही खरी आहे, आणि तुम्हाला रात्री जागं ठेवणारीही हीच असावी. फक्त तुम्ही तिला "मला जमेल का" असं नाव दिलंय. हिशेब मांडूया. सातेरीची चांगली पेटी चांगल्या वर्षी दहा किलोपर्यंत जाते, पण नियोजन करताना सहा किलोच्या वर धरू नका. किलोला ६०० रुपये मिळाले असं समजू. वीस पेट्या म्हणजे १२० किलो, ७२ हजार रुपये, म्हणजे महिन्याला ६ हजार, तेही खर्च वजा न करता. पन्नास पेट्या केल्या तर १ लाख ८० हजार. त्यातून साखर, बाटल्या, प्रवास आणि पावसाळ्यात गेलेल्या पेट्यांची भरपाई काढली की महिन्याला दहा हजारांच्या आसपास उरतील. तुमचा पगार वर्षाला ३ लाख ७२ हजार आहे.

पन्नास पेट्या एका जागी बसतही नाहीत. सातेरी एक-दीड किलोमीटरच्या आतच चरते. एका ठिकाणी दहा-बारा पेट्यांच्या पुढे गेलात तर त्या एकमेकींचं खातात. म्हणजे चार-पाच ठिकाणं, प्रत्येक पेटीला दहा मिनिटं, मोसमात दर आठ-दहा दिवसांनी. कोणी मेलिफेरा ही युरोपीय माशी सुचवेल, ती मध जास्त देते. पण तिच्या पेट्या टेम्पोत घालून फुलांमागे फिरवाव्या लागतात, भांडवल मोठं लागतं. नोकरी सांभाळून ते होणार नाही, आणि जावळीच्या जंगलाला सातेरीच मानवते.

तेव्हा "नुसत्या मधावर घर चालेल का" याचं उत्तर आत्ता तरी नाही असं आहे. हे उत्तर तुमच्याबद्दल नाही, पेटीबद्दल आहे. तिशीतल्या, धडधाकट, जन्माने मधपाळ असलेल्या माणसालाही हेच गणित लागू पडतं. दोन वर्षं तुम्ही एका बेरजेला स्वतःचा दुबळेपणा समजत आलात. बेरीज बदलायची असेल तर योजना बदलावी लागेल, स्वभाव नव्हे.

योजना कशी बदलता येईल? तुमच्याच ओळखीच्या कामाकडे बघा. डोंगरात मध काढणारे हात आहेत. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर तर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं. कमी पडतं ते त्यापुढचं. मधातलं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं असं अन्न मानक सांगतं. आपल्याकडच्या दमट हवेत, घाईने काढलेला मध सहज त्यापुढे जातो आणि बाटलीत फसफसतो. झाकण उघडलं की फेस. असा एक डबा चांगल्या मधात ओतला की सगळी टाकी जाते. प्रत्येक डबा वेगळा उतरवून घेणं, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून पाणी मोजणं, डब्यावर गाव, तारीख आणि आकडा लिहिणं, आधी आलेला आधी भरणं, बॅच नंबर देणं. हे तुम्ही रोज करताय, फक्त माल लोखंडाचा आहे.

एक छोटी गोष्ट सांगतो, तुम्हाला लगेच कळेल. मध पाण्यापेक्षा जड असतो, लिटरला साधारण १४०० ग्रॅम. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ७०० ग्रॅम मध बसतो. गावात कित्येक जण ती बाटली 'अर्धा किलो' म्हणून देतात आणि दर बाटलीमागे २०० ग्रॅम फुकट घालवतात. अर्ध्या किलोला साडेतीनशे मिलिलिटरची बाटली लागते.

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे. त्यांच्या मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि निम्मी आपली गुंतवणूक असते, आणि मंडळ हमी दराने मध खरेदीही करतं. वैयक्तिक मधपाळासाठी साक्षर असणं आणि १० दिवसांचं प्रशिक्षण पुरतं. त्यापुढचा 'केंद्रचालक' हा प्रकार तुम्ही नीट वाचावा असं आम्हाला वाटतं. त्याला दहावी पास, स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावे अथवा भाड्याने किमान एक एकर जमीन, आणि इतरांना शिकवण्याची तयारी लागते. तुमचे ३० गुंठे आहेत, दहा कमी पडतात. ते भाडेकराराने पुरे होऊ शकतात. अर्ज करण्यापूर्वी चालू अटी, खरेदीचा दर आणि बंधपत्र तिथे जाऊन समजून घ्या. बाटलीत भरून विकायचं ठरलं तर अन्न नोंदणी आणि वजनमापे खात्याची पॅकर नोंदणी, दोन्ही लागतील.

आता एका वर्षाचं वेळापत्रक. या ऑक्टोबरात पेट्या चार करा. एका पेटीवर शिकता येत नाही, तुलनेला काही नसतं. शिवाय एखादीची राणी गेली तर शेजारच्या पेटीतली अंड्यांची चौकट देऊन नवी राणी घडवता येते. एकट्या पेटीला तो आधार नसतो. खर्चाची मर्यादा आजच ठरवा, समजा ४० हजार, आणि ती बायकोला सांगा. फेब्रुवारी-मार्चपासून पेट्या भरत जातील, पोळ्याच्या खालच्या कडेला राणीकोठड्या, म्हणजे नवी राणी वाढवायच्या कोठड्या, दिसू लागल्या की विभागणी करून सहा करा. मार्च ते मे जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मोसम. जूनमध्ये वर लिहिलेली पावसाळी तयारी. कारवीच्या भरवशावर काही आखू नका, ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते.

पुढच्या दिवाळीला चार गोष्टी तपासा. जूनमध्ये असलेल्या सहांपैकी निदान पाच पेट्या जिवंत आहेत का. पंचवीस-तीस किलो मध नातेवाइकांना सोडून इतरांना पूर्ण भावाने विकला गेला का, आणि त्यातल्या दहा जणांनी परत मागितला का. घरखर्चाचे बारा महिने बँकेत आहेत का, मुलाच्या पहिल्या वर्षाची फी त्यात न धरता. आणि केंद्रचालक किंवा पॅकिंगचं काम कागदावर पक्कं झालंय का. चारही जुळले तर ड्रॉवर उघडा. तीन जुळले तर आणखी एक वर्ष नोकरी आणि पेट्या बरोबर चालवा. दोनच जुळले तर सुट्टीतला धंदा म्हणून ठेवा. सहा पेट्यांचा मध आणि नोकरी यात कमीपणाचं काही नाही.

नोकरी सोडायची वेळ आलीच तर आधी करायच्या काही गोष्टी आहेत. घराचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच काढा. आधीच्या आजारांसाठी विमा कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. तो काळ पगार चालू असताना सरलेला बरा. ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ आणि भत्ता मिळून १८ हजार असतील तर २१ वर्षांचे सुमारे २ लाख १८ हजार होतात. हे पैसे पेट्यांत घालू नका, घरखर्चाच्या बारा महिन्यांत धरा. पीएफ मोडू नका. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा तुमची कधीच पुरी झालीय. ती ५८ व्या वर्षी पूर्ण मिळते, पन्नाशीपासून कमी दराने घेता येते. पेन्शनच्या सेवेची नोंद असलेलं स्कीम सर्टिफिकेट मागून ठेवा.

आणि हे सगळ्यांच्या आधी: डंख. चावलेल्या जागी सूज आणि खाज येणं नेहमीचं; काटा नखाने लगेच खरवडून काढायचा. पण अंगभर पित्त उठणं, घसा आवळणं, दम लागणं, चक्कर येणं यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना, घरगुती उपाय नाहीत. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना "मी माश्या पाळतो" हे सांगा. बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या चालू असताना असा झटका आला तर उपचार अवघड होतो. डॉक्टर नको म्हणाले तर माशी सोडा आणि पॅकिंगचं बघा. एकटे असताना पेटी उघडू नका, निदान हाकेच्या अंतरावर कोणी असू द्या.

राहिली चौथी शंका, लोकांची. भावाशी वाद घालू नका. पंख्याखाली बसणाऱ्याचं काम नव्हे हे त्याचं म्हणणं खोडायला शब्द कमी पडतील. त्याला पुढच्या सुट्टीला पेटीवर न्या आणि कार्ड त्याच्या हातात द्या, तो वाचेल, तुम्ही पेटी बघा. कारखान्यात मात्र इतक्यात कोणाला सांगू नका. एकदा सांगितलं की दर आठवड्याला कोणी ना कोणी "काय, झालं का सुरू?" विचारतो, आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायला म्हणून माणूस घाईने निर्णय घेतो.

तुमच्या पत्नी मात्र गप्प नाहीत. त्यांनी फीचं विचारलंय, आणि तुमच्या घरातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच आहे. तुम्ही त्याला अविश्वास समजताय. एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि तीन आकडे त्यांच्यासमोर लिहा: महिन्याचा खरा घरखर्च, फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, आणि माश्यांमध्ये जास्तीत जास्त किती बुडालेलं चालेल. तिसरा आकडा त्यांना ठरवू द्या. मुलाच्या फीचे पैसे वेगळ्या खात्यात टाका, ते खातं त्यांच्या नावावर असू द्या. ग्राहकांची वहीही त्या ठेवणार असतील तर फारच चांगलं, पण ते त्यांच्या मनावर.

उरलेल्या पेटीला आज संध्याकाळी पाव लिटर पाक द्या. रविवारी ऊन पडलं तर तळपाट पुसा आणि चष्मा बांधून फक्त मधल्या दोन चौकटी बघा. अंडी दिसली तर कार्डावर तारीख घाला. दिसली नाहीत तरी घाबरू नका. पावसाळ्यात अन्न कमी असलं की राणी अंडी घालणं कमी करते किंवा थांबवते. आठवडाभर एक दिवसाआड पाक देत राहा आणि पुढच्या रविवारी परत बघा. तेव्हाही नसतील तर जवळच्या मधपाळाकडून, माश्या झटकून, अंड्यांची एक चौकट मागून आणा. ती फडक्यात गुंडाळून उबेत आणायची आणि त्याच दिवशी पेटीत ठेवायची.